पुराच्या नकाशातली कोरी जागा

पुराचा नकाशा समोर आला की नजर आधी निळ्या रंगावर जाते. किती गावं बुडाली, किती हेक्टर पाण्याखाली गेले, हेच शोधायचं असतं. निळं सोडून जे उरतं ते कोरं, आणि ‘इथे पाणी नव्हतं’ असा त्याचा अर्थ वाचणारा मनातल्या मनात लावून मोकळा होतो. रडारवरून केलेल्या नकाशात हा अर्थ धोक्याचा आहे. तिथल्या कोऱ्या जागेत दोन गोष्टी एकाच रंगात मिसळलेल्या असतात: जिथे खरोखर पाणी नव्हतं ती जमीन, आणि जिथे असलेलं पाणी रडारला ओळखताच येत नाही ती जमीन. दुर्दैवाने दुसऱ्या प्रकारात मोडतात ती घरं. म्हणजे ज्या प्रश्नासाठी नकाशा मागवला जातो, नेमका तिथेच तो गप्प असतो, आणि गप्प आहे हे सांगतही नाही.

तरीही रडारशिवाय गत्यंतर नाही. पूर आणि ढग बरोबरच येतात, त्यामुळे साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला त्या दिवसांत पांढऱ्या गोधडीपलीकडे काही दिसत नाही. रडार स्वतःची लहर सोडतं आणि परत आलेली मोजतं. त्याला ऊन लागत नाही आणि ढग आडवे येत नाहीत. युरोपीय अवकाश संस्थेचा सेंटिनेल-१ हा या कामातला रोजचा घोडा. पहिला उपग्रह ३ एप्रिल २०१४ ला गेला, दुसरा २०१६ मध्ये. दुसऱ्याचा वीजपुरवठा २३ डिसेंबर २०२१ ला बिघडला आणि तो कायमचा बंद पडला. त्याची जागा घ्यायला डिसेंबर २०२४ उजाडला. मधल्या तीन वर्षांत बऱ्याच भागांत दोन प्रतिमांमधलं अंतर सहा दिवसांवरून बारा दिवसांवर गेलं. त्या काळातले पुराचे नकाशे वाचताना हे ध्यानात ठेवावं. पूर कमी दिसत असेल तर कदाचित तो कमी पाहिला गेला असेल.

पाणी काळं का दिसतं, इथून सुरुवात करू, कारण पुढच्या सगळ्या चुका याच एका गोष्टीतून निघतात. सेंटिनेल-१ जमिनीकडे सरळ खाली पाहत नाही, तर उजवीकडे तिरपं पाहतो. लहर जमिनीवर उभ्या रेषेशी साधारण २९ ते ४६ अंशांच्या कोनात आदळते. अंधारात आरशावर तिरका टॉर्च मारला तर उजेड पलीकडच्या भिंतीवर जातो आणि टॉर्च धरणाऱ्याला आरसा काळा दिसतो. संथ पाण्याचं तसंच. ढेकळांची जमीन, झुडपं, पिकं मात्र लहर चहूकडे विखुरतात, त्यातली थोडी परत येते, आणि ती जागा करड्या रंगात उमटते.

यात ‘संथ’ म्हणजे किती संथ, हे मोजता येतं. पृष्ठभाग गुळगुळीत मानायचा तर त्याचा उंचसखलपणा तरंगलांबीला आठ गुणिले कोनाच्या कोसाइनने भागून येणाऱ्या आकड्यापेक्षा कमी हवा. सेंटिनेल-१ ची तरंगलांबी सुमारे ५.५ सेंटिमीटर. कोन ३९ अंश धरला तर उत्तर येतं नऊ मिलिमीटरच्या आसपास. पाण्यावर यापेक्षा मोठ्या लहरी उठल्या की आरसा फुटला. पुराच्या विस्तीर्ण पाण्यावर वारा सुटला की एवढ्या लहरी सहज उठतात, आणि मग अख्खा जलाशय शेजारच्या जमिनीसारखा करडा दिसू लागतो. जोराचा पाऊस पडत असेल तर थेंबांच्या माऱ्यानेही तेच होतं. चक्रीवादळाच्या पुरात पहिली प्रतिमा अनेकदा फसवी निघते ती यामुळे: पाणी सर्वांत जास्त असतं तेव्हा वाराही सर्वांत जास्त असतो.

वाऱ्यावर थोडा उतारा आहे. सेंटिनेल-१ जमिनीवर सहसा दोन प्रकारचे आकडे देतो. उभ्या ध्रुवणाची, म्हणजे उभी कंप पावणारी, लहर सोडून उभीच मोजली तर व्हीव्ही, आणि उभी सोडून आडवी मोजली तर व्हीएच. व्हीएचवर वाऱ्याच्या लहरींचा परिणाम कमी होतो. पण व्हीएचमध्ये कोरडी, सपाट, उघडी जमीनही बऱ्यापैकी काळी असते, त्यामुळे पाणी आणि जमीन यांतलं अंतर घटतं. शिवाय संथ पाण्यावरून व्हीएचमध्ये इतकं कमी परत येतं की ते यंत्राच्या स्वतःच्या गोंगाटाखाली बुडतं. या उपग्रहाच्या गोंगाटाची कमाल हद्द उणे २२ डेसिबल ठरवलेली आहे (डेसिबल हे परतलेल्या ऊर्जेचं माप; आकडा जितका जास्त उणे, तितकं कमी परतलं). तिच्या खालचे आकडे पाहून ‘हे पाणी जास्त खोल असेल’ असा निष्कर्ष काढणारेही भेटतात. खोलीचा तिथे काही संबंध नाही, लहर पाण्यात शिरतच नाही. मी दोन्ही वेगवेगळे काढून शेजारी ठेवावेत या मताचा आहे. जिथे दोघांचं पटतं तिथे विश्वास ठेवावा, आणि जिथे पटत नाही ती जागा डोळ्यांनी तपासावी.

प्रतिमा निवडताना पहिला नियम: पुराची आणि पुराआधीची प्रतिमा एकाच सापेक्ष कक्षेतली, म्हणजे उपग्रह पुन्हापुन्हा गिरवतो त्या एकाच वाटेवरची, हवी. उपग्रह सकाळी सहाच्या सुमारास उत्तरेकडून दक्षिणेला जातो आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास दक्षिणेकडून उत्तरेला. दोन्ही वेळा तो उजवीकडेच पाहत असल्याने जमीन विरुद्ध बाजूंनी दिसते. सकाळच्या प्रतिमेतून संध्याकाळची वजा केली तर प्रत्येक टेकडीच्या एका उतारावर पूर आलेला दिसेल. फाइलच्या माहितीत सापेक्ष कक्षेचा क्रमांक असतो. तो पाहायला दहा सेकंद लागतात, आणि तो न पाहण्याची चूक सर्वांत जास्त होते.

दुसरा नियम आधीच्या प्रतिमेचा. उन्हाळ्यातली एखादी कोरडीठाक तारीख उचलून तिच्याशी तुलना करण्याचा मोह होतो, कारण फरक ठसठशीत दिसतो. पण त्या फरकात पूर थोडा आणि ऋतू जास्त असतो. भाताच्या प्रदेशात चिखलणी झाली की खाचरांत मुद्दाम पाणी धरतात, आणि तीही रडारला आरशासारखी काळी दिसतात. उन्हाळ्याशी तुलना केली की लावणीचा अख्खा प्रदेश ‘बुडालेला’ ठरतो. म्हणून पुराच्या आधीच्या काही आठवड्यांतल्या आणि मागच्या वर्षांतल्या त्याच महिन्यातल्या पाच-सहा प्रतिमा घ्याव्यात आणि प्रत्येक पिक्सेलचा मध्यक काढावा. सरासरी घेऊ नये, एखादी वादळी तारीख तिला ओढून नेते.

मग प्रतिमेवरचे संस्कार. जीआरडी प्रकारची (परतलेल्या लहरीचा फक्त जोर नोंदवणारी) फाइल घेतली तर एका दृश्याची साधारण एक जीबी होते. स्नॅप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये क्रम असा असतो: कक्षेची फाइल लावणं, उष्णतेचा गोंगाट काढणं, कडेचा गोंगाट काढणं, कॅलिब्रेशन करून सिग्मा-शून्य (जमिनीने किती ऊर्जा परत पाठवली याचा तुलना करता येणारा आकडा) मिळवणं, स्पेकल म्हणजे ठिपके गाळणं, भूरूप दुरुस्ती (डोंगर-उतारांमुळे सरकलेले पिक्सेल जागेवर आणणं), आणि सगळ्यात शेवटी डेसिबल. गूगल अर्थ इंजिन या ऑनलाइन सेवेवर यातलं बरंचसं आधीच केलेलं मिळतं, फक्त स्पेकल गाळलेला नसतो आणि उतारामुळे उजळलेल्या बाजूंची दुरुस्ती नसते. कक्षेच्या अचूक फाइली सुमारे वीस दिवसांनी येतात. त्यांची वाट पाहत बसू नये. काही तासांत येणारी तात्पुरती फाइल दहा मीटरच्या पिक्सेलला पुरून उरते. उष्णतेच्या गोंगाटाची पायरी मात्र गाळू नये. ती गाळली तर व्हीएचमध्ये, प्रतिमा ज्या तीन उपपट्ट्या जोडून बनते त्यांच्या सांध्यांवर, सरळ उभ्या पायऱ्या दिसतात, आणि त्यातल्या एका बाजूला पूर, दुसऱ्या बाजूला कोरडं असा विनोदी नकाशा तयार होतो.

स्पेकलबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. रडारच्या प्रतिमेत मीठ-मिरी भुरभुरल्यासारखे जे ठिपके असतात तो यंत्राचा दोष नव्हे. एका पिक्सेलमधल्या असंख्य पृष्ठभागांवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळून कधी वाढतात, कधी मिटतात, त्याचा तो परिणाम. गाळल्याशिवाय पाण्यात जमिनीचे आणि जमिनीत पाण्याचे ठिपके उरतात. पण गाळणीची खिडकी ७ गुणिले ७ पिक्सेलची घेतली की आपण ७० मीटरच्या चौकोनात आकडे कालवतो. पाण्याच्या मधोमध उभा असलेला दहा-पंधरा मीटर रुंदीचा बांध त्यात विरघळून जातो. नकाशावर दोन्हीकडचं पाणी एक झालेलं दिसतं आणि बांध फुटल्याची अफवा नकाशातूनच उठू शकते. ५ गुणिले ५ पुरते, आणि कडा जपणारी गाळणी घ्यावी. आणखी एक: गाळणी मूळ आकड्यांवर चालवावी, डेसिबलवर नव्हे. डेसिबल हे लॉगॅरिथम असतात, त्यांची सरासरी म्हणजे मूळ आकड्यांची सरासरी होत नाही.

डेसिबलचा हाच गुण दुसरीकडेही नडतो. डेसिबलमध्ये भागाकार करायचा नसतो, वजाबाकी करायची असते. तीन डेसिबल कमी म्हणजे परतलेली ऊर्जा निम्मी, दहा कमी म्हणजे दहावा हिस्सा. तरी ‘नंतरचे भागिले आधीचे, उत्तर १.२५ पेक्षा जास्त तर पूर’ ही रीत डेसिबलवर सर्रास वापरली जाते. करून पाहा. एका शेतात आधी उणे ८ होतं, नंतर उणे १०.२ झालं. फरक दोनच डेसिबलचा, पीक कापल्यानेही पडेल असा. पण भागाकार १.२७ आला, म्हणजे पूर. दुसऱ्या शेतात उणे १६ चं उणे १९.५ झालं. फरक साडेतीनचा, ऊर्जा निम्म्याहून खाली आली. पण भागाकार १.२२, म्हणजे कोरडं. रीत मोठ्या, उघड्या पुरात चालून जाते, कारण तिथे काहीही चालतं. कडेला आणि उथळ पाण्यात ती उलटीसुलटी उत्तरं देते.

उंबरठा, म्हणजे ज्या आकड्याच्या खाली पाणी धरायचं ती सीमा, ठरवणं हा या कामातला सर्वांत जास्त चर्चिला जाणारा भाग, आणि मला तो त्या मानाने सोपा वाटतो. नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरात आहे: पिक्सेलच्या आकड्यांचा आलेख काढायचा, पाण्याचा एक उंचवटा आणि जमिनीचा दुसरा, त्यांना सर्वांत चांगलं वेगळं करणारी जागा गणिताने शोधायची. व्हीव्हीमध्ये ती बहुधा उणे १४ ते उणे १७ च्या दरम्यान कुठेतरी पडते. अट एकच, दोन उंचवटे असायला हवेत. अडीचशे किलोमीटर रुंदीच्या दृश्यात पाणी दोन-तीन टक्केच असेल तर त्याचा उंचवटा जमिनीच्या शेपटीत हरवतो, आणि ओत्सूची पद्धत मुकाट्याने ओल्या आणि कोरड्या जमिनीमधली सीमा शोधून देते. त्रुटीचा संदेश कुठेही येत नाही. म्हणून दृश्याचे लहान चौकोन पाडावेत, ज्यांत दोन उंचवटे स्पष्ट आहेत तेवढेच निवडावेत, त्यांवरून उंबरठा काढावा आणि मग सगळीकडे लावावा. आलेख डोळ्यांनी पाहिल्याशिवाय उंबरठा स्वीकारू नये, हे मी कितीही स्वयंचलित व्यवस्था असली तरी म्हणेन.

यानंतर खोटा काळा रंग काढायचा. डोंगराच्या मागची पडछाया काळी असते. कोरडी वाळू, विमानतळाची धावपट्टी, रुंद डांबरी रस्ते काळे असतात. ओलं बर्फही काळं असतं. पडछायेसाठी उताराचा चाळणीसारखा उपयोग होतो: पाच टक्क्यांहून जास्त उतारावर पाणी साचत नाही, ते पिक्सेल गाळावेत. जवळच्या ओढ्या-नदीपासूनची उंची काढून पंधरा-वीस मीटरच्या वरचं सगळं बाद करणं हा त्याहून चांगला उपाय. कायमचं पाणी वजा करायला युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राचा जागतिक जलनकाशा सोयीचा आहे, पण तो लँडसॅट या कॅमेऱ्याच्या उपग्रहांच्या जुन्या प्रतिमांवरून केलेला आहे. पात्र बदलणाऱ्या नद्यांवर तो आंधळेपणाने लावला तर नदी पूर्वी जिथून वाहायची तिथल्या आजच्या शेतातला पूर ‘कायमचं पाणी’ म्हणून पुसला जातो. आधीच्या रडार प्रतिमांतून काढलेलं पाणी आणि हा नकाशा, दोन्ही एकमेकांवर ताडून पाहावेत. शेवटी आठ-दहा पिक्सेलपेक्षा लहान सुटे तुकडे काढून टाकले की पाण्याचा नकाशा तयार झाला म्हणायचं.

खोटं पाणी काढण्यासाठी इतक्या चाळण्या आहेत. न दिसलेल्या पाण्यासाठी काय आहे? इथे बहुतेक पद्धती हात झटकतात.

एखादी बुडालेली गल्ली घ्या. रडारची लहर तिरपी येते, रस्त्यावरच्या पाण्यावर आदळते, आरशासारखी पुढे उसळते आणि समोरच्या घराच्या भिंतीवर जाऊन आपटते. भिंत उभी, पाणी आडवं, दोहोंत काटकोन. लहर आली त्याच दिशेने परत उपग्रहाकडे जाते. म्हणजे पुरात ही गल्ली काळी पडण्याऐवजी आणखी उजळते. पुराआधी त्या पिक्सेलचा आकडा उणे ३ असेल तर पुरात उणे १ होईल. उंबरठा उणे १५ वर बसला आहे, त्यामुळे ही गल्ली दोन्ही वेळा ‘जमीन’ ठरते. भिंत रडारकडे तोंड करून नसेल तर उजळणंही होत नाही, काहीच बदललेलं दिसत नाही. मधल्या अरुंद मोकळ्या जागा इमारतींच्या पडछायेत जातात. सेंटिनेल-१ च्या जीआरडी प्रतिमेचा पिक्सेल दहा मीटरचा असला तरी तिची खरी विभेदनक्षमता वीस मीटरच्या आसपास आहे, आणि तेवढ्यात दोन घरं, एक गल्ली आणि एक झाड बसतं. पाण्यात उभ्या असलेल्या उंच पिकाचं आणि झाडांचं हेच. लहर शेंड्यांत विखुरते किंवा खोड-पाणी-उपग्रह असा प्रवास करून जोरात परत येते.

घरांसाठी एक मार्ग आहे, कोहिरन्सचा. त्यासाठी जीआरडी पुरत नाही. लहरीची कलाही (लहर कंपनाच्या कोणत्या टप्प्यावर परतली ते) जपणारी एसएलसी प्रकारची फाइल लागते, जी आकाराने कित्येक पट मोठी असते. कल्पना अशी: एकाच कक्षेतल्या दोन प्रतिमांमध्ये भिंती, गच्च्या, पायऱ्या जागच्या जागी असतील तर परतलेल्या लहरींचा ताळमेळ टिकतो, आकडा एकाकडे झुकतो. पुराआधीच्या दोन प्रतिमांची एक जोडी घ्यायची, आणि आधीची एक व पुरातली एक अशी दुसरी. वस्तीतला आकडा पहिल्या जोडीत ०.७ आणि दुसरीत ०.३ आला तर तिथे काहीतरी बदललं. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे चक्रीवादळाने ह्यूस्टन शहर बुडवलं, त्या पुरावर ही पद्धत संशोधकांनी तपासली आणि नुसत्या उजेड-काळोखाच्या तुलनेत न दिसलेल्या वस्त्या तिने पकडल्या. पण ‘काहीतरी’ म्हणजे काय, हे ती सांगत नाही. पाणी, चिखल, वाहून आलेला कचरा, कोसळलेली भिंत, हलवलेली वाहनं, सगळ्यांनी ताळमेळ बिघडतो. झाडझाडोऱ्यात तो एरवीही टिकत नसल्याने ही पद्धत फक्त पक्क्या वस्तीपुरती वापरायची, आणि जोड्यांमधलं अंतर सारखं ठेवायचं. सहा दिवसांची जोडी बारा दिवसांच्या जोडीशी ताडली तर नुसत्या काळानेच आकडा उतरलेला असतो.

झाडांखालच्या पाण्यासाठी लांब लहर हवी. ३० जुलै २०२५ ला इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह श्रीहरिकोट्याहून गेला. त्याच्या दोन रडारांपैकी एकाची तरंगलांबी सुमारे २४ सेंटिमीटर आहे. ही लहर पानांतून बरीचशी पार होते, खोड आणि पाणी यांच्यातून उजळून परत येते. वर केलेला हिशेब तिला लावला तर गुळगुळीतपणाची मर्यादा नऊ मिलिमीटरवरून जवळपास चार सेंटिमीटरवर जाते, म्हणजे वाऱ्याचा त्रासही घटतो. उलट बाजू अशी की तिला विरळ गवताची मोकळी जमीनही गुळगुळीत वाटते आणि खोट्या पाण्याचा धोका वाढतो. एकीकडचं झाकलं की दुसरीकडचं उघडं पडतं, रडारमध्ये हे चालायचंच.

तोवर प्रामाणिक उपाय एकच उरतो आणि त्याला उपग्रह लागत नाही. नकाशावर तिसरा रंग द्यायचा. दाट वस्ती, जंगल, पडछाया, कायम काळी असणारी वाळू, हे सगळं ‘सांगता येत नाही’ म्हणून राखाडी दाखवायचं. कोपर्निकस या युरोपच्या पृथ्वी-निरीक्षण कार्यक्रमाची जागतिक पूर-निरीक्षण सेवा २०२१ पासून सेंटिनेल-१ च्या प्रत्येक योग्य प्रतिमेवर तीन वेगळ्या पद्धती चालवते, बहुमताने पाणी ठरवते, आणि त्यासोबत वगळलेल्या जागांचा स्वतंत्र थर देते. वापरणारे बहुतेक जण तो थर उतरवूनच घेत नाहीत. खरं तर आधी तो उघडावा आणि मग पाणी.

आता नुकसान. पाण्याची व्याप्ती हातात आली की तिच्यावर घरांचा थर टाकून छेद काढायचा आणि जो आकडा येईल तो ‘बाधित घरं’ म्हणून छापायचा, अशी एक सोपी वाट आहे. वर सांगितलेलं लक्षात घेतलं तर तिच्यातला घोटाळा उघड आहे. पाण्याचा बहुभुज (नकाशावर आखलेला आकार) घराच्या कडेला येऊन थांबतो, कारण घर उजळ आहे. छेद जवळपास शून्य येतो. वस्तीच्या तीन बाजूंनी पाणी आणि मधली घरं कोरडी, असं बेट नकाशावर दिसलं की ते बेट नसून रडारची मर्यादा असण्याची शक्यता आधी तपासावी. पाण्याच्या कडेपासून वीस-तीस मीटरच्या आतली घरं मोजणं हा कामचलाऊ उपाय. रस्त्यांचं नेमकं उलटं होतं: रस्त्याची रेघ नदी ओलांडते तिथे पाण्याच्या थराला छेदते, आणि पाण्याच्या पाच मीटर वर सुखरूप उभा असलेला प्रत्येक पूल ‘पाण्याखालचा रस्ता’ होतो. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या माहितीत पुलांना वेगळी खूण असते, ती वापरून ते तुकडे आधी काढावेत.

बेटं भरून काढायचा योग्य मार्ग खोलीतून जातो. पाण्याच्या कडेवर पाण्याची पातळी आणि जमिनीची उंची सारखीच असते. कडेच्या ठिकाणांची उंची भूरूपाच्या मॉडेलमधून घ्यायची, त्यांच्यामधून पाण्याचा पृष्ठभाग ताणायचा, त्यातून आतल्या जमिनीची उंची वजा करायची, उरते ती खोली. कागदावर सुंदर. व्यवहारात सगळा भार उंचीच्या आकड्यांवर येतो. सपाट मैदानात उतार दोन हजारात एक असेल तर उंचीतली एक मीटरची चूक पाण्याची कड दोन किलोमीटर सरकवते. उलट, पाचात एक उताराच्या काठावर पाण्याची कड वीस मीटर चुकली, म्हणजे जेमतेम दोन पिक्सेल, तर पातळी चार मीटरनी चुकते. म्हणून खूप उभ्या काठावरचे कडबिंदू वापरू नयेत, आणि झाडांच्या किंवा वस्तीच्या कडेला थांबलेले तर मुळीच नको, ती पाण्याची कड नसतेच. त्यातून मोफत मिळणारं कोपर्निकसचं उंची मॉडेल २०११ ते २०१५ च्या रडार मोजणीवरचं आणि गच्च्या-झाडांसकट आहे. वस्तीत ते जमिनीऐवजी छपराची उंची सांगतं, खोली उणे येते, आणि घर पुन्हा कोरडं ठरतं. झाडं-इमारती वजा केलेली मॉडेलं आता मिळतात. त्यांतही चूक उरते, पण निदान ती एकाच दिशेची राहत नाही. खोली मीटरच्या दशांशांत छापू नये. गुडघाभर, कमरेएवढी, माणूसभर, इतकंच वर्गीकरण या आकड्यांना पेलतं.

पिकांना खोलीपेक्षा दिवस महत्त्वाचे. काही तास पाण्यात राहिलेलं शेत सावरू शकतं, आठवडाभर राहिलेलं बहुतेकदा नाही; भात इतर बऱ्याच पिकांपेक्षा जास्त तग धरतो. इथे एक प्रतिमा कुचकामी. लागोपाठच्या दोन प्रतिमांत पाणी दिसलं तर ते मधले सहा दिवस टिकलं असं धरायची प्रथा आहे, आणि नदीची पातळी मध्ये उतरून पुन्हा चढली असेल तर ती चुकते. जवळच्या पातळीमापकाची नोंद सोबत ठेवली की एवढा संशय मिटतो. अचानक आलेल्या आणि काही तासांत ओसरलेल्या पुरात तर पाणी दिसतच नाही. उपग्रह येतो तेव्हा मागे चिखल असतो, आणि ओली जमीन उलट नेहमीपेक्षा उजळ दिसते. नकाशावरची तारीख आणि तास यासाठीच ठळक हवेत. ते ‘त्या क्षणीचं पाणी’ असतं, पुराचा कळस क्वचितच.

शब्दांनी किती फरक पडतो याचं उदाहरण पाकिस्तानातल्या २०२२ च्या पुराचं. ‘एक-तृतीयांश देश पाण्याखाली’ हे वाक्य जगभर गेलं. उपग्रहांच्या प्रतिमांवरून मोजलेलं क्षेत्र देशाच्या साधारण एक-दशांशाच्या आसपास येत होतं. आपत्ती प्रचंड होती आणि कोट्यवधी लोकांचं आयुष्य तिने विस्कटलं, त्यात शंका नाही. पण बाधित जिल्ह्यांचं क्षेत्रफळ, पाणी येऊन गेलेलं क्षेत्र आणि एका दिवशी पाण्याखाली असलेलं क्षेत्र या तीन वेगळ्या संख्या आहेत, आणि बातमीत त्यांना एकच नाव मिळतं. नकाशाच्या सूचीत ‘पूरग्रस्त क्षेत्र’ लिहिण्याऐवजी ‘अमुक तारखेला, अमुक वाजता दिसलेलं उघडं पाणी’ लिहावं. लांबलचक होतं, होऊ द्यावं.

क्षेत्रफळ मोजताना प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची रीत) तपासणं ही क्षुल्लक वाटणारी गोष्टही हेक्टरांचे आकडे फुगवते. वेबवरचे नकाशे ज्या मर्केटर प्रक्षेपणात असतात त्यात २० अक्षांशावर क्षेत्रफळ सुमारे १३ टक्के जास्त भरतं आणि ४५ अक्षांशावर दुप्पट. यूटीएम (पृथ्वीचे अरुंद पट्टे पाडून मांडणारं) किंवा समक्षेत्र (क्षेत्रफळ न बदलणाऱ्या) प्रक्षेपणात नेऊनच मोजावं.

आणि शेवटी नकाशा किती बरोबर आहे हे तपासणं. अहवालात ‘अचूकता ९७ टक्के’ असं लिहिलेलं असलं की मी आधी पाणी किती टक्के होतं ते शोधतो. समजा हजार ठिकाणं तपासली, त्यातल्या ४० ठिकाणी खरोखर पाणी होतं. नकाशाने ३० बरोबर पकडली, १० सोडली, आणि २० कोरड्या ठिकाणी नसलेलं पाणी दाखवलं. बरोबर उत्तरं ९७०, म्हणजे अचूकता ९७ टक्के. काहीच न रंगवलेला कोरा कागद दिला असता तरी ९६ टक्के मिळाले असते. खरा आकडा मिळतो तो बरोबर पकडलेल्यांना पकडलेले, सुटलेले आणि खोटे यांच्या बेरजेने भागून: ६० मधले ३०, म्हणजे ०.५. तपासणीची ठिकाणंही नदीच्या मधोमध आणि डोंगराच्या माथ्यावर घेऊ नयेत, तिथे कुणीही बरोबर येतं. निम्मी तरी पाण्याच्या कडेच्या शंभर मीटरच्या आत घ्यावीत, काही मुद्दाम राखाडी भागात, आणि भिंतींवरच्या चिखलाच्या रेषा जमिनीपासून मोजून त्यांची उंची जीपीएसच्या नोंदीसह लिहून ठेवावी. या रेषा पावसाने आणि साफसफाईने पंधरवड्यात पुसल्या जातात, तेव्हा अचूक कक्षेच्या फाइलीची वाट पाहणाऱ्याने निदान मोजपट्टी घेऊन कुणाला तरी आधीच पाठवावं.